गळाची काठी

गळाची काठी : गळाने मासे धरण्यासाठी वापरण्यात येणारी लांब, निमुळती व लवचिक काठी. मुठीकडील जाड भाग, शेंड्याकडील बारीक भाग, दोरी व गळ ही तिची मुख्य अंगे असून रिळाची भर पुढे पडली. काठी किती लांब असावी, हा या साधनाच्या इतिहासातील सर्वांत जुना प्रश्न होय. त्याचे उत्तर पाणी, मासा व काठीचा पदार्थ यांनुसार बदलत गेले आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांतील कृष्णा-खोऱ्यात डोंगरी ओढे, खोल डोह, रुंद नदीपात्र व धरणांचे जलाशय हे पाण्याचे सर्व प्रकार थोड्या अंतरात आढळत असल्याने तेथे हा बदल विशेष स्पष्टपणे दिसतो.

लांबीचे तत्त्व : गळाची काठी ही तिसऱ्या प्रकारची तरफ आहे. मुठीचे टोक हा टेकू, पुढचा हात हे बल व शेंड्याशी ओढणारा मासा हा भार होय. त्यामुळे काठी जितकी लांब, तितका तोच मासा हाताला जड लागतो. याउलट हात सारख्याच कोनातून फिरविला असता लांब काठीचा शेंडा अधिक अंतर तोडतो. १·८ मी. लांबीच्या काठीचा शेंडा काटकोनातून फिरताना सु. २·८ मी., तर २·२५ मी. लांबीच्या काठीचा सु. ३·५ मी. अंतर जातो. आमिष दूर फेकण्यास व सैल दोरी चटकन ताणून गळ माशाच्या जबड्यात रुतविण्यास हा लाभ उपयोगी पडतो. मात्र जाडी व पदार्थ तेच राहिल्यास वाकण्याचे प्रमाण लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वरील दोहोंपैकी लांब काठी तेवढ्याच भाराखाली जवळजवळ दुप्पट वाकते. लांबी वाढविण्यासाठी काठी जाड व म्हणून जड करावी लागे. हलक्या पदार्थांचा शोध होईपर्यंत लांबीवरची खरी मर्यादा हीच होती.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : रिळाच्या अभावी दोरी काठीच्या शेंड्यालाच बांधीत आणि काठीची व दोरीची मिळून जी लांबी होई, तेवढ्याच पाण्यावर हुकमत चाले. दख्खनमध्ये गळाच्या मासेमारीचे शास्त्रशुद्ध विवेचन कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात सापडते. त्याच्या चौथ्या विंशतीतील ‘मत्स्यविनोद’ या प्रकरणात माशांचे प्रकार, त्यांची आवडती आमिषे व गळ टाकण्याची रीत यांचा विचार केला आहे. कऱ्हाड–कोल्हापूर भागातील शिलाहार हे कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक असल्याने हा ग्रंथ कृष्णाकाठाला परका नाही. नदीकाठच्या भोई व कोळी समाजांचा चरितार्थ मात्र मुख्यतः जाळी व अनेक गळांची दावण यांवर चाले. काठी हे एकेकट्या माणसाचे, काठावर उभे राहून वापरावयाचे साधन राहिले. त्यासाठी भरीव बांबू पुरे होई आणि तो डोहाच्या काठावरून प्रवाहाच्या कडेपर्यंत पोहोचेल इतका लांब तोडीत.

यूरोपातही विचार याच दिशेने झाला. आयझाक वॉल्टनच्या द कंप्लीट अँग्लर (१६५३) या ग्रंथाला चार्ल्स कॉटनने १६७६ मध्ये जोडलेल्या भागात काठीची लांबी नदीच्या रुंदीच्या प्रमाणात असावी, असा नियम सांगितला असून ट्राउट माशाच्या नदीसाठी ५ ते ६ यार्ड (सु. ४·५ ते ५·५ मी.) लांबी पुरेशी मानली आहे. दोरी गुंडाळणारे रीळ चीनमधील बाराव्या-तेराव्या शतकांच्या सुमारास काढलेल्या चित्रांत दिसते, तर इंग्लंडमध्ये ते सतराव्या शतकात वापरात आले. रिळामुळे पोहोच दोरीकडे गेली आणि काठीकडे आमिष फेकणे व माशाचे हिसके सोसणे ही कामे उरली.

ब्रिटिश काळ : दख्खनच्या माशांचा पहिला शास्त्रीय अभ्यास कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने केला. १८३९ मध्ये त्याने वर्णन केलेल्या माशांच्या शास्त्रीय नावांत ‘खुद्री’, ‘कोलस’, ‘शिंगटी’ असे स्थानिक बोलीतील शब्द कायमचे राहिले आहेत. यांपैकी खुद्री म्हणजे दख्खनी महसीर. तो खळाळत्या, खडकाळ पाण्यात राहणारा व गळाला लागताच वेगाने प्रवाहात धावणारा बलवान मासा आहे. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस याच्या द रॉड इन इंडिया (१८७३) या ग्रंथाने महसीरच्या मासेमारीला हौशी लोकांत प्रतिष्ठा मिळवून दिली. खडकांच्या वरून दोरी उचलून धरणे व धावणाऱ्या माशाला काठीच्या वाकाने थकविणे आवश्यक असल्याने या माशासाठी लांब व दमदार काठी पसंत करीत.

त्या काळी काठ्या ग्रीनहार्ट या दक्षिण अमेरिकी लाकडाच्या किंवा चिरलेल्या बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून केलेल्या असत. अशा पट्ट्यांसाठी एकोणिसाव्या शतकात ‘कलकत्ता बांबू’ भारतातून इंग्लंड-अमेरिकेस जाई. पुढे त्याची जागा चीनमधील टोंकिन बांबूने घेतली. १९०५ मध्ये इंग्लंडमध्ये स्थिर फिरकीचे रीळ निघाल्यावर हलके आमिषही आखूड काठीने दूर फेकता येऊ लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूंच्या व १९७० नंतरच्या दशकात कार्बन-तंतूंच्या काठ्या आल्या. लांबी आणि वजन यांची जुनी सांगड त्यांनी मोडली.

धरणांनंतरचा बदल : कृष्णा-खोऱ्यात काठीपेक्षाही मोठा बदल पाण्यात झाला. १९६० नंतरच्या दशकात कोयना धरणाचा व १९७० नंतरच्या दशकात वाईजवळील धोम धरणाचा जलाशय भरला. वारणेवर चांदोलीचे धरण झाले. वाहते पाणी थांबले व महसीरला अंडी घालण्यास लागणाऱ्या वरच्या खडकाळ प्रवाहांची वाट अडली. जलाशयांत गंगेच्या खोऱ्यातील रोहू, कटला व मृगळ हे मासे सोडण्यात आले. १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया कृष्णेतही पसरला. ज्या माशासाठी लांब, दमदार काठी घडली, तो विरळ झाला आणि स्थिर पाण्यातील, बहुधा तळाशी चरणारे मासे गळाला अधिक लागू लागले. कोयना व चांदोली ही अभयारण्ये १९८५ मध्ये घोषित झाली. चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. संरक्षित क्षेत्रांतील मासेमारीवर वन्यजीव संरक्षण कायद्याचे निर्बंध आहेत.

लांबीची निवड : वरील इतिहासातून निवडीचे काही साधारण नियम निष्पन्न होतात. महाबळेश्वर–पाटण भागातील झाडीने झाकलेल्या ओढ्यांवर काठी फिरविण्यास जागा नसल्याने सु. १·८ मी. लांबी सोयीची असते. सांगलीकडे कृष्णेचे काठ उंच व मातीचे असून कडेला झुडपे व जलपर्णी असते. तेथे दोरी त्यांच्यावरून पलीकडे धरण्यासाठी २·७ ते ३ मी. लांबीची काठी उपयुक्त ठरते. कृष्णेच्या या पट्ट्यात मगरींचा वावर असल्याने पाण्यात न उतरता काठावरूनच पोहोच साधणे हे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही इष्ट होय. जलाशयाच्या उघड्या काठावर लांब फेकीसाठी २·४ मी. किंवा अधिक, तर होडीतून १·८ ते २·१ मी. लांबी पुरते.

अमेरिकेत बास या माशासाठी ‘जिग’ म्हणजे शिशाच्या डोक्याचा, झालर लावलेला गळ तळावर टप्पे देत ओढतात. त्यासाठी साधारणतः २·१ ते २·३ मी. लांबीची, ताठ पाठीची काठी घेतात. कारण माशाचा हलका स्पर्श हाताला कळला पाहिजे आणि लगेच बरीच दोरी एका झटक्यात उचलता आली पाहिजे. बास हा कृष्णेचा मासा नव्हे. परंतु पाणवनस्पतींत दबा धरून बसणाऱ्या मरळ माशाला कृत्रिम आमिषाने धरताना हाच नियम लागू पडतो. ताठ काठीने त्याला वनस्पतींत शिरण्यापूर्वीच वर उचलावे लागते.

सद्यःस्थिती : सुरुंगाची दारू व विष वापरून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमाने बंदी घातली. दख्खनी महसीरच्या प्रजननाचे प्रयत्न १९७० च्या सुमारास लोणावळ्याच्या टाटा जलाशयांवर सुरू झाले व तेथील पिले देशातील अनेक जलाशयांत व नद्यांत सोडण्यात आली. सावित्री-खोऱ्यातील वाळणकोंडीसारख्या देवस्थानाच्या डोहात लोकश्रद्धेने महसीरचे रक्षण केले आहे. पकडलेला मासा जिवंत सोडून देण्याची प्रथा हौशी लोकांत रूढ होत असून तिच्यामुळे लांबीच्या प्रश्नाला नवा अर्थ आला आहे. फार मऊ काठीने झुंज लांबते व थकलेला मासा सोडल्यावरही मरतो. म्हणून मासा लवकर काठाला आणू शकेल इतकी दमदार काठी निवडणे हे आता माशाच्या जगण्याशीही निगडित झाले आहे.