चार्ल्स मुंगोशी: एकाच वर्षी दोन भाषांत कादंबऱ्या देणारा झिम्बाब्वेचा लेखक

झिम्बाब्वे म्हटलं की आपल्याला आठवतं क्रिकेट, नाहीतर शून्यांची रांग असलेल्या नोटा. याच देशात सर्वांत जास्त लोक शोना भाषा बोलतात. त्या भाषेतल्या कादंबरीला वयात आणणाऱ्या लेखकांमध्ये चार्ल्स मुंगोशी हे नाव फार वरचं आहे.

मुंगोशींचा जन्म २ डिसेंबर १९४७ चा, चिव्हू गावाजवळच्या मन्येने भागातला. तेव्हा देशाचं नाव होतं सदर्न ऱ्होडेशिया आणि सत्ता होती मूठभर गोऱ्यांच्या हातात. लहानपण वडिलांची गुरं राखण्यात गेलं. पुढे मिशनच्या शाळांत शिक्षण झालं, पण गोष्टीची पहिली शाळा घरचीच.

शोना लोककथांना म्हणतात 'न्गानो'. त्या रात्री, शेकोटीभोवती सांगायच्या. सांगणारा 'पाइव्हेपो', म्हणजे 'एकदा काय झालं' अशी सुरुवात करतो आणि ऐकणारे मधूनमधून 'झेपफुन्दे' म्हणत राहतात. आपल्याकडे गोष्ट ऐकताना 'हूं' म्हणावं लागतं, तसंच. हुंकार थांबला की गोष्ट अडली!

राजकारण सोडून काहीही लिहा

त्या काळी शोना पुस्तकं छापून आणण्याचा मुख्य मार्ग म्हणजे सरकारचा लिटरेचर ब्युरो. अट न सांगताही कळायची: राजकारण नको. सॉलोमन मुत्स्वाइरो यांची 'फेसो' (१९५६) ही पहिली शोना कादंबरी, पुढे सरकारने तिच्यावरच बंदी आणली. साहजिकच बरेच लेखक बोधकथांकडे वळले. शहरात गेलेला मुलगा बिघडतो, मग पस्तावतो, अशा धाटणीच्या.

मुंगोशींनी वेगळी वाट काढली. त्यांची पात्रं भाषणं देत नाहीत, आतल्या आत कुढतात. पहिली शोना कादंबरी १९७० मध्ये आली, तेव्हा ते जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचे होते. १९७२ चा 'कमिंग ऑफ द ड्राय सीझन' हा इंग्रजी कथासंग्रह मात्र गोऱ्या सरकारला खुपला आणि त्यावर बंदी आली.

मग १९७५ हे वर्ष उजाडलं. शोनात 'न्दिको कुपिन्दाना क्वामाझुवा' आणि इंग्रजीत 'वेटिंग फॉर द रेन', अशा दोन कादंबऱ्या एकाच वर्षी! दोन्हींना पेन या लेखकसंघटनेचे पुरस्कार मिळाले. इंग्रजी कादंबरीतला ल्युसिफर शिक्षणासाठी परदेशी निघालाय, आणि त्याला घराची, मातीची लाज वाटतेय. निरोपाला जमलेलं कुटुंब एकमेकांशी धड बोलूही शकत नाही. खेड्यातून शिकून बाहेर पडलेल्या कुणालाही हे वाचताना अवघडल्यासारखं होईल.

गंमत म्हणजे त्याच सुमारास ते नोकरी करत होते लिटरेचर ब्युरोतच, संपादक म्हणून!

शांतता म्हणजेही बोलणं?

देश १९८० मध्ये स्वतंत्र झाला. १९८३ मध्ये आली 'कुन्यारारा हाकुसी कुताउरा?'. शीर्षकाचा अर्थ साधारण असा: गप्प राहणं हेही बोलणंच नाही का? मुंगोशींचं सगळं लेखन ओळखायला हा एक प्रश्न पुरतो. या कादंबरीत एकाच कुटुंबाची कहाणी वेगवेगळ्या आवाजांत उलगडते.

न्गुगी वा थिओंगो यांची 'अ ग्रेन ऑफ व्हीट' त्यांनी शोनात आणली, 'त्सांगा येम्बेऊ' या नावाने. १९८८ मध्ये 'द सेटिंग सन अँड द रोलिंग वर्ल्ड' या कथासंग्रहाला राष्ट्रकुल लेखक पुरस्कार मिळाला, आफ्रिका विभागातून. पण आफ्रिकेतला मानाचा नोमा पुरस्कार (१९९२) मिळवून दिला तो शेकोटीनेच: 'वन डे लाँग अगो' या शोना लोककथांच्या पुस्तकाने. पुस्तक इंग्रजीत, गोष्टी मात्र लहानपणीच्या.

२०१० मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. अर्धवट राहिलेली 'ब्रांचिंग स्ट्रीम्स फ्लो इन द डार्क' ही कादंबरी पत्नी जेसेसी यांच्या मदतीने २०१३ मध्ये बाहेर आली. जेसेसी मुंगोशी म्हणजे 'नेरिया' या गाजलेल्या झिम्बाब्वेच्या सिनेमाची नायिका. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी हरारेत मुंगोशींचं निधन झालं. वय होतं ७१.