शिक्षण प्रशासनाचे विकेंद्रीकरण : नाशिक जिल्हा

प्राथमिक शाळांचा कारभार राज्य सरकारकडून स्थानिक संस्थांकडे सोपवण्याची प्रक्रिया. मुंबई प्रांतात १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा ही तिची एक महत्त्वाची पायरी होती. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम आला आणि १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. आजही नाशिकच्या खेड्यांत शाळेला ‘झेडपीची शाळा’च म्हणतात.

जिल्ह्यात शिक्षण समिती व शिक्षणाधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, त्याखाली केंद्रप्रमुख अशी ही उतरंड आहे. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) गावालाही जागा दिली : शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. शाळेचा विकास आराखडाही हीच समिती करते.

सुरगाणा, पेठ, कळवण या आदिवासी तालुक्यांकडे चित्र बदलते. तिथल्या शासकीय आश्रमशाळा जिल्हा परिषदेच्या नाहीत. त्या आदिवासी विकास विभागाच्या असून विभागाचे आयुक्तालय नाशिक शहरातच आहे. एकाच पाड्यातली भावंडे अशा दोन वेगळ्या व्यवस्थांत शिकू शकतात. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा ‘पेसा’ कायदा १९९६ चा, पण शाळेच्या दारात त्याचा प्रभाव फारच थोडा जाणवतो.

अधिकार उलट दिशेनेही सरकले. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या २०१७ च्या धोरणानंतर राज्यस्तरीय ऑनलाइन प्रणालीतून होऊ लागल्या. मार्च २०२२ मध्ये नाशिक जिल्हा परिषदेची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि लोकनियुक्त शिक्षण समितीऐवजी कारभार प्रशासकाकडे गेला.