पाचशे वर्षांचा दांडू

गोल्फ इतिहासात शिरला तो बंदीहुकमातून. १४५७ साली स्कॉटलंडच्या दुसऱ्या जेम्स राजाच्या संसदेने हा खेळ बंद केला. लोक तिरंदाजीचा सराव सोडून चेंडू बडवत होते! बरोबर पाचशे वर्षांनी, १९५७ साली, बेन होगन या अमेरिकन खेळाडूने काठी फिरवण्याचे पाच धडे छापले: मूठ, पवित्रा, काठी मागे नेणं, पुढे आणणं आणि उजळणी.

कलकत्त्यात १८२९ सालीच गोल्फ क्लब निघाला. हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईला जाणाऱ्या गाड्या आमच्या मूर्तिजापूरवरूनच जातात, पण गोल्फ काही इथे उतरला नाही. उतरला असता तरी पोरं म्हणाली असती, "यात नवीन काय हाये?" कारण हेच धडे विटीदांडूतले थोरले गडी फुकट देत. "अबे, दांडू आवळू नोको! नजर इटीवर ठेव!" होगन सांगतो, काठी खाली आणताना आधी कंबर वळली पाहिजे. आमचे गुरुजी इतकं बोलत नसत. कमरेत गुद्दा घालत. कंबर आपोआप वळे.

होगनचं पुस्तक आजही वाचतात. आमची विद्या मात्र एका पिढीच्या तोंडून दुसरीच्या पाठीत उतरत आली. आता मैदानं क्रिकेटने घेतली, आणि ते गडी आजोबा झाले. त्यांना बोलतं करून चार ओळी लिहून ठेवायला हव्यात. कारण आमच्या खेळावर बंदी घालत त्या फक्त आया, आणि त्यांचे हुकूम कुठल्याच दप्तरात सापडायचे नाहीत.