दंतविमा : दाव्यांची अदायगी व विमाधारकाचे संरक्षण (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील दंतविम्याचे एक प्रमुख मूळ १९५४ सालात सापडते; पॅसिफिक किनाऱ्यावरील गोदी कामगारांच्या संघटनेने सभासदांच्या मुलांसाठी दंतोपचारांची तजवीज मागितली, तेव्हा वॉशिंग्टन, ऑरेगॉन व कॅलिफोर्निया येथील दंतवैद्यांनी ज्या सेवामंडळ्या स्थापिल्या, त्यांतूनच पुढे ‘डेल्टा डेंटल’चे जाळे विस्तारले. आरोग्यविम्याहून पृथक असलेल्या या विम्यात बहुधा एक ते दोन हजार डॉलरांची वार्षिक कमाल मर्यादा असते आणि तिच्यापलीकडचा सर्व भार रुग्णावर पडतो. म्हणजे संकट जितके मोठे तितके संरक्षण तोकडे, हा विमातत्त्वाचा विपर्यासच म्हटला पाहिजे.

दावा सरसकट नामंजूर होण्यापेक्षा तो कापला जाण्याच्याच तक्रारी अधिक चिवट असतात. दाढेत दाताच्या रंगाचे सिमेंट भरले असता रक्कम मात्र चांदी भरण्याच्या दराने मंजूर करणे, किंवा विमा घेण्यापूर्वीच पडलेल्या दाताच्या जागी कृत्रिम दात बसविण्याचा खर्च नाकारणे, या गोष्टी करारातील बारीक कलमांच्या आधारे घडतात, म्हणून त्यांना सहसा बेकायदा म्हणता येत नाही. पूर्वमंजुरी देऊन उपचारानंतर हात आखडणे, दिलेली रक्कम दीर्घ काळाने परत वसूल करणे, आणि दंतवैद्याची संमती न घेता आभासी क्रेडिट कार्डाने अदायगी करून तिचे शुल्क त्याच्याच माथी मारणे, यांना आळा घालणारे कायदे अनेक राज्यांनी केले आहेत; बिनचूक दाव्याचा निकाल ठराविक मुदतीत न लावल्यास व्याज देण्याची सक्तीही पुष्कळ ठिकाणी आहे.

हप्त्यांपैकी किती भाग प्रत्यक्ष उपचारांवर खर्चावा, हा प्रश्न याहून मूलगामी. २०१० च्या संघीय आरोग्यकायद्याने आरोग्यविम्यास ८० ते ८५ टक्क्यांचे किमान बंधन घातले, परंतु स्वतंत्र दंतविमा त्यातून वगळला. ही उणीव मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२२ मधील सार्वमताने, सुमारे ७१ टक्के मतांनी, भरून काढली. १ जानेवारी २०२४ पासून तेथे ८३ टक्के खर्च अनिवार्य असून उरलेली तफावत विमाधारकांस परत करावी लागते.

तथापि, जे मालक कंपनीकडून विमा न घेता कर्मचाऱ्यांचा दंतोपचार स्वतःच्या निधीतून चालवितात, त्यांच्या योजना १९७४ च्या संघीय निवृत्ति-उत्पन्न सुरक्षा कायद्याखाली येतात व त्यांना राज्यांचे विमाविषयक कायदे सहसा लागू होत नाहीत. कर्मचाऱ्याच्या विमा-कार्डावर नामांकित विमा कंपनीची मुद्रा असली, तरी ती अशा योजनेत केवळ कारभारी असू शकते. अशा वेळी कर्मचाऱ्याने दाद मागावयाची ती प्रथम योजनेकडे फेरविचारासाठी अर्ज करून, आणि नंतर संघीय न्यायालयात.