दुष्काळातील मुले आणि यवतमाळचा नाताळ

१/ ‘नाताळ’ हा शब्द मूळचा पोर्तुगीज, अर्थ जन्म. किनाऱ्यावरून तो मराठीत रुळला. यवतमाळात मात्र हा सण रुजवण्यात अमेरिकेच्या फ्री मेथडिस्ट मिशनचा मोठा वाटा होता. १९०५ पर्यंत हा जिल्हा ‘वणी’ या नावाने ओळखला जाई.

२/ १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाड प्रांत होरपळला. कित्येक मुले आईवडिलांना पारखी झाली. मिशनने अनाथांना आश्रय दिला.

३/ एरवी डिसेंबर म्हणजे कापूसवेचणीचा हंगाम. लेकरे आईच्या मागे शेतात असत. या मुलांनी बाळाच्या जन्माचा सण आईविना पाहिला.

४/ आश्रयासोबत नवा धर्मही आला. उपाशी लेकराला निवडीचे स्वातंत्र्य कितीसे असणार? दुष्काळातील अनाथांचा हाच प्रश्न लाला लजपतराय यांनी १९०१ मध्ये दुष्काळ आयोगापुढे मांडला. जीव वाचवणारा हातच ओळखही बदलत होता.