साथीच्या काळातलं दत्तक

आपल्याकडे दत्तक हा शब्द कित्येक वर्षं मुलासाठी नव्हताच. तो वाड्यासाठी होता, शेतासाठी होता, दुकानाच्या गल्ल्यासाठी होता. शाळेत इतिहासाच्या तासाला दत्तक म्हटलं की झाशी आठवायची आणि डलहौसी. कुणाला वारस नाही, मग भाऊबंदातला एखादा धडधाकट मुलगा आणून मांडीवर बसवायचा. ज्या मुलाला आईबाप नाहीत त्याला आईबाप मिळावेत म्हणून दत्तक, हा विचार फार उशिरा आला. तो कसा आला हे बघायला गेलं की प्रत्येक वळणावर एखादी साथ नाहीतर दुष्काळ उभा दिसतो.

आपल्या जैनांची गोष्ट थोडी निराळी होती. आपल्यात श्राद्ध नाही, पिंड नाही. बापाला पाणी द्यायला मुलगा हवा, हे कारणच आपल्या धर्मात बसत नाही. म्हणून जुन्या जैन रिवाजात दत्तक हा धार्मिक विधी मानलेला नाही, तो साधा संसारी व्यवहार मानला आहे. १८७८ साली शिवसिंह राय विरुद्ध दाखो हा खटला थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. उत्तरेतल्या अग्रवाल जैनांमधला तो वाद. निपुत्रिक जैन विधवेला नवऱ्याची परवानगी नसतानाही दत्तक घेता येतं, आणि लेकीचा मुलगाही घेता येतो, असा रिवाज तिथे मान्य झाला. लेकीचा मुलगा, बरं का! मला या दाखोबद्दल फार वाटतं. नाव कायद्याच्या पुस्तकात राहिलं, पण बाई कोण होती, कशी होती, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नाही.

पण इथेही मूल घरातलंच. परक्याचं, टाकलेलं, कुणाचं हे ठाऊक नसलेलं मूल कुणी घेत नव्हतं.

ते घेतलं जोतिबा आणि सावित्रीबाई फुल्यांनी. पुण्यात त्यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, हे आपण सगळ्या जाणतो. तिथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ मध्ये आपला केला. तोच यशवंत. १८९० साली जोतिबा गेले तेव्हा भाऊबंद आडवे आले. दत्तकाने टिटवं धरायचं नाही म्हणाले. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं आणि त्या पुढे चालल्या. पुढे यशवंत डॉक्टर झाला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला तेव्हा या मायलेकांनी हडपसरजवळ माळावर रोग्यांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन आणताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. ज्या मुलाला लोक परका म्हणत होते, त्याच्याच दवाखान्यात त्यांनी डोळे मिटले.

त्याच वर्षी फेब्रुवारीत इंग्रज सरकारने साथरोगाचा कायदा केला. घराघरांत शिरून झडती, संशय आला की माणसाला उचलून छावणीत, सामान जाळायचं. रँडचं नाव त्यातूनच गाजलं. आणि हे चालू असतानाच मध्य प्रांतात दुष्काळ पडलेला. पंडिता रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुली, कोवळ्या विधवा घेऊन आल्या. पुण्यात शारदा सदन होतं, पण प्लेगच्या नियमांमुळे तिथे इतक्या मुली ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. म्हणून त्या केडगावच्या शेतावर गेल्या. मुक्ती सदन असं उभं राहिलं. अण्णासाहेब कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रमही प्लेगमुळेच १९०० मध्ये पुण्यातून हिंगण्याच्या झोपडीत गेला. आज आपण या संस्थांच्या इमारती बघतो, पण त्या तिथे का आहेत याचं उत्तर साथीच्या नियमांत आहे. नियम माणसांना हाकलतो आणि माणसं जिथे थांबतात तिथे संस्था होते.

दुष्काळातल्या अनाथांचं काय करायचं याचेही सरकारी नियम होते. आधी नातेवाईक शोधायचे, मग त्याच धर्माचे भले लोक, आणि कुणीच नसेल तर संस्था. हा क्रम लक्षात ठेवा, कारण सव्वाशे वर्षांनी तोच क्रम पुन्हा आपल्यापुढे येणार आहे.

मधली वर्षं मी भराभर सांगते. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा आला, त्यात जैनही आले. होमहवन सक्तीचं राहिलं नाही, देणाऱ्याने दिलं आणि घेणाऱ्याने घेतलं की झालं. पण लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर दत्तक घेण्याचा हक्क मिळायला २०१० उजाडलं! परदेशी जाणाऱ्या मुलांच्या नावाखाली होणारा बाजार बघून लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, त्यावर १९८४ साली मोठा निकाल झाला, आणि १९९० मध्ये ‘कारा’ ही केंद्र सरकारची दत्तक संस्था आली. मग बाल न्याय कायदा, आधी २००० चा आणि नंतर २०१५ चा. नावनोंदणी ऑनलाइन झाली. आता अमक्या आश्रमात आपली ओळख आहे म्हणून मूल मिळत नाही. रांगेत राहावं लागतं.

या रांगेचे नियम ऐकले की बायका आधी चिडतात. समाजसेविका घरी येऊन बघणार. सोडून दिलेलं मूल असेल तर आधी त्याच्या माणसांचा शोध, पेपरात जाहिरात. जन्मदात्या आईने स्वतः सोपवलं असेल तर तिला फेरविचाराला ६० दिवस. मग मुलाचा फोटो आणि वैद्यकीय अहवाल येणार, ४८ तासांत हो की नाही सांगायचं, आणि (साथीच्या काळातल्या नियमाने) २० दिवसांत प्रत्यक्ष जाऊन मूल बघून स्वीकारायचं. पुढे, २०२२ पर्यंत, कोर्टाचा हुकूम लागायचा. तोपर्यंत मूल तुमच्या घरी, पण ‘दत्तकपूर्व संगोपन’ या नावाखाली. आणि मूल घरी आल्यापासून दोन वर्षं दर सहा महिन्यांनी कुणीतरी येऊन विचारपूस करणार.

आता हे सगळं मार्च २०२० मध्ये आणून ठेवा. घरी जायचं नाही, प्रवास करायचा नाही, कोर्टं बंद. सरकारने त्याच १८९७ च्या कायद्याचा आधार घेतलेला. नियम म्हणतो जा, आणि दुसरा नियम म्हणतो उंबरा ओलांडू नका.

सुप्रीम कोर्टाने ३ एप्रिल २०२० ला स्वतःहून या मुलांचा विषय हाती घेतला. बालगृहांत गर्दी, एका खोलीत किती मुलं, तिथे अंतर कसं राखणार? कोर्टाने बालकल्याण समित्यांना सांगितलं की ज्यांना सुरक्षितपणे घरी पाठवता येईल त्यांचा विचार करा, घरी गेलेल्यांची फोनवरून चौकशी ठेवा, पालक-कुटुंबांत राहणाऱ्या मुलांकडेही त्या त्या समितीमार्फत लक्ष ठेवा, कामकाज व्हिडिओवर चालवा, आणि नव्याने कुणालाही संस्थेत टाकणं हा अगदी शेवटचा उपाय समजा. मुळात घरापासून तोडूच नका. मला त्या आदेशातला हा भाग फार मोलाचा वाटतो.

माझ्या जावेच्या सुनेचं प्रकरण नेमकं यात सापडलं. ती निपाणीकडची, मूल मिळालं महाराष्ट्रातल्या एका संस्थेतलं. मार्चच्या मध्यावर फोटो आला, त्यांनी हो म्हटलं, आणि भेटीच्या तारखेआधीच टाळेबंदी. मग भेट फोनवर. संस्थेतल्या मावशी बाळाला मांडीवर घेऊन फोनसमोर बसायच्या आणि ही इकडून टाळ्या वाजवायची. बाळ टाळीकडे बघायचं नाही, फोनच्या कडेला हात घालायचं. ती मला म्हणाली, “काकू, त्याला माझा आवाज ओळखू येतोय, पण माझा वास कुठे माहितीये?” मे महिन्यात कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना बंदी केली, कोगनोळी नाक्यावर पोलीस. दोन गावांत जेमतेम दीड तासाचं अंतर, पण मूल एका राज्यात आणि आई दुसऱ्या राज्यात! शेवटी जुलैमध्ये पास मिळाला आणि ते आणलं. दारावर विलगीकरणाचा कागद, त्यामुळे ओवाळायला कुणी नाही. शेजारणींनी गच्चीवरून बघितलं. सासूने एकटीने तांदूळ टाकले. कोर्टाचा हुकूम यायला पुढचं वर्ष लागलं, तोवर लसीच्या कार्डावर आईचं नाव काय लिहायचं हा प्रश्न दर वेळी.

तिची समाजसेविका व्हिडिओवरून घर बघायची. स्वयंपाकघर दाखवा, संडास दाखवा, जिना दाखवा. लोक म्हणाले, ही काय चौकशी, कोपऱ्यातला पसारा कॅमेऱ्यात थोडाच दिसतो. खरं आहे. पण ही ढील मला चालते. भेट लांबली, भेटीची रीत बदलली, कागदाची मुदत वाढली, याने मुलाचं नुकसान कमी होतं. तीन महिने संस्थेत आणखी राहण्यापेक्षा व्हिडिओवरची चौकशी बरी. जन्मदात्या आईचे ६० दिवस मात्र कुणी कमी करायला निघालं असतं तर मी भांडले असते. टाळेबंदीत रोजगार गेलेली बाई घाबरून मूल सोपवून बसते, दोन महिन्यांत तिची आई, बहीण कुणीतरी उभं राहतं. ती मुदत आपल्यासाठी नाहीच, तिच्यासाठी आहे.

आणि नेमकी हीच मुदत लोकांनी दुसऱ्या लाटेत मोडायला काढली. एप्रिल-मे २०२१ आठवा. रोज सकाळी व्हॉट्सॲपवर निरोप : दोन वर्षांची मुलगी आणि दोन महिन्यांचं बाळ, आईबाप कोरोनाने गेले, कुणाला हवी असतील तर या नंबरवर फोन करा, पुण्य लागेल. आमच्या मंडळातही फिरला तो. चांगल्या मनाच्या, रोज बस्तीत जाणाऱ्या, मुंगी मारणार नाहीत अशा बायका तो पुढे ढकलत होत्या. त्यातले पुष्कळ निरोप खोटे होते, आणि जे खरे असतील ते आणखी वाईट. बाल हक्क आयोगाने इशारा दिला, आणि जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यांना सांगितलं की अशी परस्पर दत्तकं आणि अशी आमंत्रणं बंद करा, कारवाई करा. कायद्यात याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि पैसे घेतले-दिले असतील तर पाच. अशा मुलाचं नाव, फोटो पसरवणं हाही गुन्हाच. अशा वेळी फोन करायचा तो १०९८ ला.

मंडळात एकीने विचारलं, “मग आपल्या समाजाचं मूल आपल्या समाजात राहावं असं वाटणं चुकीचं का?” प्रश्न खोटा नाही. जुन्या दुष्काळी नियमांतही तोच विचार होता. पण आधी नातेवाईक, हे त्या क्रमातलं पहिलं पाऊल आपण विसरतो. काका आहे, मामा आहे, आजी आहे, तोवर मूल अनाथ कसलं?

आकडे बघा. जानेवारी २०२२ मध्ये बाल हक्क आयोगाने सुप्रीम कोर्टात दिलेल्या माहितीनुसार एप्रिल २०२० पासून १,४७,४९२ मुलांनी आई किंवा बाप किंवा दोघंही गमावले होते. त्यात मरणाची सगळी कारणं धरलेली आहेत. दोघंही गेलेली मुलं १०,०९४. एक पालक गेलेली १,३६,९१०. आणि सोडून दिलेली ४८८. दुसरीकडे देशातल्या देशात दत्तक गेलेली मुलं २०१९-२० मध्ये ३,३५१, २०२०-२१ मध्ये ३,१४२ आणि त्याच्या पुढच्या वर्षी २,९९१. म्हणजे साथीत अनाथ वाढले म्हणून दत्तक वाढलं, असं झालंच नाही. त्या लाखांवर मुलांना दुसरी आई नको होती. आईच्या हातात महिन्याचं वाणसामान हवं होतं, शाळेची फी हवी होती.

सरकारांनी योजना काढल्या. दोघंही गेलेल्या मुलाच्या नावे महाराष्ट्राने ५ लाखांची ठेव ठेवली, केंद्राने तेविसाव्या वर्षी १० लाख मिळतील अशी तजवीज केली, कर्नाटकाने महिन्याला साडेतीन हजार. एक पालक असलेल्यांसाठी महाराष्ट्रात बालसंगोपन योजना होती, तेव्हा महिन्याला ११०० रुपये, २०२३ पासून २२५० झाले, आणि आता तिला सावित्रीबाईंचं नाव आहे. सीमेवरच्या आमच्या गावांत मात्र घोळ. बाप कोल्हापूरच्या दवाखान्यात गेला, रेशनकार्ड कर्नाटकातलं, मरणाच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलेला. कोरोनाचा शब्दच नाही, मग अर्ज कुठल्या राज्यात करायचा आणि कुठल्या खान्यात?

आमच्या मंडळातल्या दोन निवृत्त शिक्षिका त्या वर्षी पर्युषणानंतर दर गुरुवारी दुपारी बस्तीच्या ओसरीत अर्ज भरायला बसायच्या. एक कन्नड वाचायची, दुसरी मराठी लिहायची. बायका दाखले पिशवीत घालून यायच्या, बरोबर पोरं, पोरांच्या हातात चुरमुरे. जात कुणी विचारली नाही. झेरॉक्सचे पैसे मंडळाच्या भिशीतून जायचे.