नवजाताचे रडणे आणि विकासाचे मोजमाप

तळेगाव (श्यामजी पंत) येथे असो वा विदर्भातील अन्य खेड्यात, प्रसूती घरीच होत असे तेव्हा मूल जन्मताच रडले की नाही, हीच सुईणीची कसोटी असे. न रडलेल्या मुलाच्या मेंदूचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र वैद्यकात दीर्घकाळ वादग्रस्त राहिला. लंडनच्या विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ साली हातापायांच्या ताठरपणाचा संबंध जन्मसमयीच्या गुदमरण्याशी जोडला. कष्टप्रसूती हे गर्भावस्थेतील पूर्वदोषाचेच लक्षण असू शकेल, असा आक्षेप फ्रॉइड यांनी १८९७ साली घेतला. व्हर्जिनिया अपगार यांच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या गुणपद्धतीने नवजाताची तत्कालीन अवस्था पाच लक्षणांवरून अंकांत मांडली. तिने भवितव्य सांगितले नाही.

त्यासाठी बालकाचे पुनःपुन्हा निरीक्षण करावे लागते. बेली यांच्या अमेरिकन कसोटीच्या आधारे बडोद्यास प्रमिला फाटक यांनी १९७० साली भारतीय बालकांची प्रमाणके सिद्ध केली. मान धरणे, बसणे, शब्द उच्चारणे अशा ६७ शारीरिक व १६३ मानसिक घटकांनी पहिल्या ३० महिन्यांतील प्रगती त्यांत पारखली जाते.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत नवजातांचा अभ्यास आरंभिला. गावातीलच प्रशिक्षित स्त्रियांनी घरी केलेल्या उपचारांमुळे तीव्र श्वासावरोध झालेल्या बालकांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा ३९ वरून २० वर आले. जी बालके वाचली, त्यांच्याविषयी लिटल यांचा प्रश्न मात्र शिल्लक राहतोच; आणि त्याचे उत्तर जन्माच्या घटकेत नव्हे, पुढील महिन्यांच्या नोंदींत शोधावे लागते.